मुलाखतीपुरती मावशी

आमच्या शाळेत गुजराती बोलताना सापडलेल्या मुलीच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. त्या मुलीने मग दिवसभर कान टवकारून फिरायचं, दुसरी कुणी गुजराती, हिंदी किंवा मराठी बोलताना सापडली की पाटी तिच्या गळ्यात घालायची आणि सुटायचं. घंटा होईल तेव्हा पाटी जिच्याकडे असेल ती थांबून शंभर ओळी लिहायची. दहा वर्षांत ती पाटी माझ्या गळ्यात एकदाही आली नाही. त्यात कर्तबगारी काही नव्हती. मी बोलतच नसे. दहावीच्या निरोप समारंभात मला उत्तम इंग्रजी संभाषणाचं बक्षीस मिळालं. ते देणाऱ्या बाईंनी माझा आवाज कधी ऐकला होता की नाही, याची मला शंका आहे.

अशी माझी इंग्रजी. निबंधात नदीचं आत्मवृत्त लिहिता येई, अर्ज लिहिता येई, अवघड शब्दाला सहा प्रतिशब्द देता येत. पण दुधाचं पातेलं करपलं हे इंग्रजीत कुणाला सांगायची वेळ आयुष्यात आली नव्हती, आणि आली असती तर मी गप्प बसून पातेलं घासलं असतं.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. बी.कॉम. होऊन वर्ष झालं होतं आणि मी घरी होते. गुजराती शहरातलं आमचं मराठी घर. वडील बँकेत, आई शहराच्या डिंडोली भागातल्या मराठी शाळेत शिक्षिका. सकाळभर लोकांची मुलं मराठीत शिकवून आई घरी येई आणि स्वतःच्या मुलीने इंग्रजी माध्यमात शिकल्याचं कौतुक शेजारणींना सांगे. यातली विसंगती तिच्या कधी लक्षात आली नाही. माझ्या आली होती, पण सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.

दिवाळीनंतर एका दुपारी आईने एका बाईला घरी आणलं. आईच्या वर्गातल्या एका मुलाची आई. नवरा लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बारा तासांची पाळी करणारा, मूळ गाव धुळ्याकडे. ही बाई पर्वत पाटियाजवळच्या गोदामातून साड्यांचे गठ्ठे उचलून घरी नेई आणि साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे कात्रीने कापून परत देई. गोदाम आमच्या सोसायटीपासून चार पावलांवर. डोक्यावर गठ्ठा, कडेवर चार वर्षांची मुलगी, अशी ती दारात उभी राहिली.

"बाई, हायीच का तुमनी पोर?" तिने आईला विचारलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, मले इंग्रजी शिकाडा."

ती माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. तरी मी ताई.

काम असं होतं. मोठा मुलगा मराठी शाळेत गेला तो गेला, पण या मुलीला तिला माझ्याच शाळेत घालायचं होतं. त्या शाळेत चार वर्षांच्या मुलांआधी आईबापांची मुलाखत होई, इंग्रजीत. मुलाखती फेब्रुवारीत. तीन महिन्यांत तिला इंग्रजी बोलायचं होतं.

आईने माझ्या वतीने हो म्हणून टाकलं होतं. मी तिला तोंडावर तुम्ही म्हणायचे आणि मनात ती. इथेही तसंच लिहिते, उगीच आता आदर दाखवण्यात अर्थ नाही.

पहिल्या दिवशी तिने पिशवीतून एक पुस्तक काढलं. स्टेशनबाहेर मिळतात तसलं, साठ दिवसांत इंग्रजी बोलायला लावणारं. मुखपृष्ठावर टाय लावलेला माणूस टेलिफोन धरून हसत होता. आत संवाद होते. शिंप्याकडे, डाकघरात, मित्राच्या बागेत. एक मोठा धडा होता नोकराशी बोलण्याचा. पाणी आण. दिवा लाव. तू उशिरा का आलास. माझे बूट कुठे आहेत. धडा सबंध एकतर्फी. नोकर तोंडातून चकार शब्द काढत नव्हता.

मी तो धडा वाचून दाखवला, तिने साडीवरची कात्री थांबवून ऐकला. मग म्हणाली, "हे तर शेठनं बोलनं व्हयनं. नोकरनं काय बोलानं, ते कोन्त्या पानवर शे?"

मी पानं उलटली. तसं पान नव्हतं.

"मग हाई पुस्तक मना कामनं नही," ती म्हणाली आणि पुस्तक गठ्ठ्याखाली सरकवलं. पुढे ते कात्री ठेवायला उपयोगी पडलं.

पुस्तक लिहिणाऱ्याची कीव आली, पण खरी पंचाईत माझी झाली. कारण आता ती मला विचारू लागली. रोज दुपारी दोनला यायची, आमच्या फरशीवर साडी पसरायची, आणि कापता कापता प्रश्न. मुलगी कोपऱ्यात कापलेल्या धाग्यांचे गोळे करत बसे. कडेवर घेणं, याला काय म्हणायचं. पोरगी रुसली, हे कसं सांगायचं. पायाला मुंग्या आल्या. भाजी खाली लागली. नणंद टोमणे मारते. लूमवर धोटा अडकला. शेजारणीने उसनी साखर नेली आणि विसरली. कापड आटलं. उचकी लागली.

मला यातलं निम्मं येत नव्हतं. बक्षीस मिळालेल्या मुलीला उचकी येत नव्हती. पहिल्या आठवड्यात मी शब्दकोश पाहून दुसऱ्या दिवशी सांगत असे. मग कंटाळले, आणि एक सोपा मार्ग सापडला. न येणाऱ्या शब्दाला मी शांतपणे सांगायचे, "याला इंग्रजीत शब्द नाही."

ती मान डोलवायची. एकदा नणंदेच्या टोमण्यांना शब्द नाही म्हटल्यावर तिने कात्री खाली ठेवली. "बिचारा लोक," ती म्हणाली. "मग त्या सासरमा बोलतस काय?"

आई स्वयंपाकघरातून हसली. मी नाही हसले. फसवलेल्या माणसाने आपल्या फसवणुकीवर विनोद करावा, हे मला त्या वेळी अडाणीपणाचं लक्षण वाटलं होतं.

तरी ती शिकत होती. हे मला मान्य करायला जड जाई. तिची पद्धत अशी की नवा शब्द मिळाला की दोनदा म्हणायचा, मग लगेच त्याचं एक वाक्य करायचं, आणि ते वाक्य समोर असेल त्या माणसावर वापरायचं. आईवर, माझ्यावर, दारात आलेल्या भंगारवाल्यावर. भंगारवाल्याला ती म्हणाली, "टुडे नो पेपर, कम मंडे." तो निमूट गेला आणि सोमवारी आला. इतकी वर्षं मी इंग्रजी शिकले, माझ्या एकाही वाक्याने कुणी सोमवारी परत आलं नव्हतं. पण मला ऐकू यायचे ते तिचे उच्चार. प्रत्येक शब्दाला धुळ्याकडची माती लागलेली. मी दात आवळून बसे.

मुलाखतीची उत्तरं मी लिहून दिली. शाळेला काय आवडतं ते मला ठाऊक होतं. इंग्रजी माध्यम का हवं? मुलीच्या सर्वांगीण विकासासाठी. घरी वातावरण कसं आहे? शिस्तीचं आणि प्रेमाचं. अशी गुळगुळीत वाक्यं, त्याच शाळेने मला दहा वर्षं भरवलेली, तिलाच परत करायची. तिने ती पाठ केली. फक्त एका उत्तरावर अडली.

"तुम्ही काय करता, याला सांगायचं, मी गृहिणी आहे," मी सांगितलं.

"पन मी तर धागा कापस."

"ते सांगायचं नाही."

"काबं? चोरी शे का?"

"चोरी नाही. पण तसं कुणी सांगत नाही."

"घरमा ऱ्हास ती गृहिणी. मी दिनभर काम करस. त्या इचारतीन, मी सांगसू." पुढे तिने ते स्वतःच इंग्रजीत जुळवलं, आय कट थ्रेड, आणि बोटांची कात्री करून दाखवली. मुलीने कोपऱ्यातून तशीच बोटं चालवली. दोघी हसल्या. मी वहीत पुन्हा गृहिणी लिहिलं आणि खाली रेघ मारली.

फेब्रुवारी जवळ आला तशी नवी भानगड निघाली. शाळेच्या फॉर्मवर एक रकाना होता, घरी मुलाचा अभ्यास कोण घेणार. त्या व्यक्तीलाही मुलाखतीला बोलावत. नवरा सातवी, ती चौथी. तिने मला विचारलं नाही, आईला विचारलं. आई म्हणाली, "अगं, मावशी म्हणून जाऊन बस. तुझीच शाळा आहे. तुला बघून तरी घेतील पोरीला."

मला जायचं नव्हतं. खोटं बोलावं लागेल म्हणून, असं मी आईला सांगितलं. खरी अडचण वेगळी होती. ज्या शाळेत मी दहा वर्षं सुबक गप्प बसून नाव कमावलं होतं, तिथे मला या बाईची बहीण म्हणून जायचं नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी नवरा रात्रपाळी करून तसाच आला होता. अंगात नवा शर्ट, घडीच्या खुणा अजून तशाच. डोळे लाल. तिने डोक्याला तेल लावून वेणी घातली होती आणि गोदामातून आणलेल्या गठ्ठ्यातली साडी नेसली नव्हती, हे तिने मला मुद्दाम सांगितलं. "लोक नेसतस आनि परत देतस. मी नही." मुलीच्या केसांना दोन लाल रिबिनी.

बाहेर बाकांवर बसलेले बाकीचे पालक आपापल्या मुलांना रंगांची नावं घोकायला लावत होते. एक गुजराती बाई आपल्या मुलाच्या कानात एबीसीडी फुंकत होती, मंत्र दिल्यासारखी. सगळ्या शहराने ठरवलं होतं की मूल चार वर्षांचं झालं की त्याला या दाराशी आणून उभं करायचं. आणि आत जे शिकवत ते मी शिकले होते.

प्रिन्सिपल मॅडमनी मला ओळखलं. "आमची जुनी विद्यार्थिनी," त्या शेजारच्या बाईंना इंग्रजीत म्हणाल्या. "अतिशय शांत मुलगी." मग मला विचारलं, "या तुझ्या कोण?"

"बहीण," मी म्हणाले. "लांबची." लांबची हा शब्द मी आयत्या वेळी घातला. ठरलं नव्हतं.

त्यांनी मला दोन-तीन गोष्टी विचारल्या, मी पूर्ण वाक्यांत उत्तरं दिली. त्या खूश झाल्या. नवऱ्याला नाव विचारलं, त्याने सांगितलं आणि रुमालाने मान पुसली. मुलीला सफरचंदाचं चित्र दाखवलं, ती ॲपल म्हणाली. सगळं ठीक चाललं होतं. मग मॅडम तिच्याकडे वळल्या आणि इंग्रजीत विचारलं, "आणि तुम्ही काय करता?"

ती खुर्चीत सरळ झाली. तीन महिने ती या प्रश्नाची वाट पाहत होती. "मॅडम," ती म्हणाली, मोठ्याने, शेतापलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी, "आय कट..." आणि तिचा हात वर आला, दोन बोटांची कात्री झाली.

शेजारच्या बाईंच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. हसू म्हणावं इतकंही नव्हतं. मी ते पाहिलं आणि टेबलाखालून तिचं कोपर दाबलं. घट्ट. आणि स्वच्छ, निर्दोष इंग्रजीत म्हणाले, "ती गृहिणी आहे, मॅडम. तिला इंग्रजी बोलता येत नाही."

तिने बोटं मिटून घेतली. तिला ते वाक्य पूर्ण समजलं होतं. समजावं एवढं मीच शिकवलं होतं.

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटका होती. पुढे त्यांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. नवऱ्याकडे पाहून गुजरातीत म्हणाल्या, यादी पंधरा दिवसांनी लागेल. फाईल बंद केली. मला म्हणाल्या, "तुझं इंग्रजी अजून किती छान आहे." मी थँक यू म्हणाले. म्हणताना मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

बाहेर पडल्यावर नवऱ्याने आम्हा सगळ्यांना उसाचा रस पाजला. "ताई होत्या म्हणून निभावलं," तो मला म्हणाला. त्याला आत काय झालं ते कळलं नव्हतं. ती ग्लास हातात धरून मुलीला घोट घोट देत होती. माझ्याकडे बघितलं नाही, रागावलीही नाही. मी पूर्ण वेळ पुढच्या वळणावर रिक्षा मिळेल का, हे पाहत होते.

यादी फाटकावरच्या फळ्यावर लागली. आईने मला तिच्याबरोबर पाठवलं. तिने मला वाचू दिलं नाही. पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जुळवत खाली आली. मागे लोक घाई करत होते. शेवटच्या नावापर्यंत गेली, मग पुन्हा वरून सुरू केलं. दुसऱ्यांदा तळाशी आल्यावर म्हणाली, "नही शे."

नकाराचं कारण शाळा सांगत नसे. कदाचित जागाच भरल्या असतील, कदाचित नवऱ्याचं काम पाहून आधीच ठरलं असेल. आई तसंच म्हणाली, आणि माझी सोय झाली. पण घरात इंग्रजी बोलणारं कुणी आहे का, एवढंच त्यांना पाहायचं होतं, आणि एक होती. तिला येत नाही म्हणून सांगणारी मी होते.

त्यानंतर ती आली नाही. गठ्ठा घेऊन सोसायटीसमोरून जाताना दोनदा दिसली. मी खिडकीतून मागे झाले. दुपारी दोन ते तीन घर मोकळं असे. मी वाचत पडे. नोकरीच्या जाहिराती पाही, त्यात अस्खलित इंग्रजी असं लिहिलेलं असे, आणि मी अर्ज करत नसे.

जूनच्या तोंडावर एका दुपारी ती पुन्हा दारात. गठ्ठा तोच, मुलगी तीच, थोडी उंच. डिंडोलीत एका रो-हाऊसच्या खालच्या मजल्यावर नवी इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली होती. मी ती पाहिली होती. वर मालक राहायचे, त्यांचे कपडे वर्गाच्या खिडकीवर वाळत. शिपाई, कारकून आणि प्रिन्सिपल मिळून एकच माणूस. तिथे कुणालाही नाकारत नसत, नाकारलं तर भाडं कुठून भरतील. तरी मुलाखत ठेवली होती. मोठ्या शाळा घेतात म्हणून. नक्कल करायची तर असल्याच गोष्टीची.

"ताई, तुम्ही प्रिन्सिपल बना," ती म्हणाली. "मले इचारा. सगळं इंग्रजीमा. मराठी बोलानं नही."

मी नको म्हणायला हवं होतं, पण आई घरात होती. वडिलांच्या खुर्चीत बसले. ती समोर फरशीवर. साडी पसरली नाही, हात मांडीवर ठेवले.

मी नाव विचारलं. तिने सांगितलं. काय करता विचारलं.

"आय कट थ्रेड. साडी थ्रेड. मॉर्निंग टू इव्हिनिंग." मी दुरुस्त केलं नाही. मग ती म्हणाली, "नाऊ आय आस्क. दॅट डे, व्हाय यू स्टॉप मी?"

मराठीत तिने हे विचारलं असतं तर माझ्याकडे डझनभर कारणं तयार होती. गडबड झाली, तुम्ही अडखळाल असं वाटलं, तुमच्या भल्यासाठी. चार महिने मी ती घासूनपुसून ठेवली होती. इंग्रजीत एकही नव्हतं. शाळेने मला सबब कशी सांगायची ते शिकवलं नव्हतं, आणि समोरची बाई पापणी न हलवता बघत होती.

"आय वॉज अशेम्ड," मी म्हणाले.

"अशेम्ड म्हंजे?"

"लाज वाटली."

"मनी?"

"येस."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. तिने नवा शब्द मिळाल्यावर करायची तसंच केलं. अशेम्ड, अशेम्ड, दोनदा. मग वाक्य. "यू वॉज अशेम्ड ऑफ मी." बरोबर आहे का म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आयुष्यात मी इंग्रजीत केलेलं हे पहिलं खरं बोलणं, आणि ते असं.

"ओके," ती म्हणाली. "नेक्स्ट."

मी विचारलं, मुलीला इंग्रजी माध्यमात का घालायचं आहे. सर्वांगीण विकासाचं उत्तर तिला पाठ होतं. तिने ते दिलं नाही. बराच वेळ शब्द जुळवत राहिली, ओठ हलत होते. मग कंटाळून पुन्हा स्वतःचाच नियम मोडला.

"हाई कसं सांगू ते सांगा, ताई. मनी पोरले इंग्रजी येवाले पाहिजे, पन ती तुमनासारखी व्हवाले नको."

तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. तिला खरंच वाक्य हवं होतं. याला इंग्रजीत शब्द नाहीत, असं म्हणण्याची सवय माझ्या जिभेवर आली होती. पण शब्द होते, सगळे साधे, आणि मला येत होते. मी ते सावकाश सांगितले. एके ठिकाणी ती अडखळली, तेव्हा मी वाक्य आणखी सोपं करून दिलं. मुलगीही मागून म्हणत होती.